साडेसहा फुटी मुंजे

आधी हातातला चहा खाली ठेवा बरं. ही गोष्ट ऐकताना एकीच्या नव्या साडीवर चहा सांडला होता आणि बोल मला लागले होते.

तर, बेंगळुरात असताना मी एकदा बास्केटबॉलचा संघ निवडला होता. हो, मीच! त्या खेळातलं मला काय कळतं म्हणाल, तर चेंडू नारिंगी असतो आणि टोपलीला बूड नसतं. संपलं माझं ज्ञान.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मल्लेश्वरमला आमचं भाड्याचं घर होतं. हे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरला होते. म्हणजे पगार स्टोअरचा. जीव सगळा कारखान्याच्या बास्केटबॉल संघात. संघाचे प्रशिक्षक हेच. खेळाडूंना खेळण्यासाठीच नोकरीत घेतलेलं. सकाळी मैदान, दुपारी मशीन. ताडमाड मुलं ती! आमच्या दारातून आत येताना प्रत्येकजण चौकटीला नमस्कार केल्यासारखा वाकायचा. मला फार बरं वाटायचं. वाटायचं, केवढी धार्मिक मुलं!

पावसाळ्यात सामने नसायचे. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मला वाटलं, चला, आता चार महिने हे माझे. कुठलं काय! ह्यांचा खरा मोसम तेव्हाच सुरू व्हायचा. कोण संघ सोडून चाललाय, त्याच्या जागी कोणाला आणायचं, आणि सगळ्यांत कठीण, पहिले पाच कोण? मग जेवण झालं की हे माझ्या देवघरातल्या सुपाऱ्या घेऊन टेबलावर मांडायचे. ही इथे, ती तिथे. एकदा पूजेला बसले तर गणपतीची सुपारीच जागेवर नाही!

"अहो, गणपती कुठाय?"

"टोपलीखाली उभा केलाय. उंच आहे ना जरा."

काय बोलणार अशा माणसाला?

पण त्या वर्षी ह्यांचा चेहरा सुपारीसारखाच झाला होता. मागच्या मोसमात संघ सपाटून हरला होता. दोन उंच खेळाडू दुसरीकडे निघून गेले. वरच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, या वर्षी काही करून दाखवा, नाहीतर संघ बंद. त्यातून कप्तान मोहनराव. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यातला, यशवंतपूरला राहणारा, ह्यांच्या हाताखाली वाढलेला. संघाचा प्राण. पण त्याचा गुडघा दुखायला लागला होता. पहिल्या पाचांत ठेवावा तर पाय साथ देत नाही, बाहेर बसवावा तर त्याचं मन मोडतं. आणि मद्रासचा एक संघ त्याला बोलावत होता. तो गेला असता तर बाकीचे राहिले नसते, हे मलासुद्धा कळत होतं. हे रोज ती एक सुपारी उचलायचे, हातात धरून बसायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

मला ते बघवेना. माझ्या हातात काय होतं? व्रत! मी मारुतीला म्हटलं, देवा, मोहनराव राहू दे, संघ राहू दे, श्रावणातल्या शनिवारी पाच मुंजे जेवायला घालीन. मैदानात पाच खेळतात, म्हणून पाच.

आमच्याकडे श्रावणी शनिवारी मुंजाला बोलावतात. लग्न न झालेला मुलगा. त्याच्या डोक्याला तेल लावायचं, ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, पोटभर जेवू घालायचं. माहेरी गल्लीतली पोरं रांग लावायची. मल्लेश्वरमला मुलं मिळेनात! शनिवारी सगळ्यांच्या शाळा. मी आठव्या क्रॉसच्या गल्लीपासून फिरून आले आणि ओट्यावर बसले. आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. अगं, पोरं काय शोधतेस? आपल्याकडे मैदान भरून मुलं आहेत! संघासाठी नवस, संघातलेच मुंजे!

हे तेव्हा म्हैसूरला गेलेले, कोणी उंच मुलगा बघायला. मी गुरुवारी बस पकडून पीण्याला गेले. सराव संपून मुलं शेडखाली जेवायला बसली होती. आता, ह्यांतली लग्न न झालेली कोणती? परक्या मुलांना, तेही माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, "काय रे, तुझं लग्न झालंय का?" असं विचारायचं? मला लाज वाटली.

पण बाईची नजर असते की नाही! मी डबे बघितले. ज्याच्यापुढे घरचा डबा, त्याच्या घरी बायको. ज्याच्यापुढे कॅन्टीनची थाळी, तो मुंजा. साधा हिशेब! मी प्रत्येकापाशी थांबून डब्यात डोकावले. मोहनरावाच्या डब्यात पोळ्या आणि मेथीची भाजी. मी हसून पुढे गेले. कॅन्टीनवाले नेमके पाचच निघाले. केवढा कौल म्हणायचा हा! पाचवा गिरीश, हासनकडचा, नव्यानेच घेतलेला, थाळीतला भाताचा डोंगर एकट्याने उपसत होता. मला गलबलून आलं. बिचारा, कोणी नाही त्याला करून घालायला!

"तू, तू, तू, तू आणि गिरीश, तू. शनिवारी घरी जेवायला या. आणि हे बघा, आंघोळ करून येऊ नका."

शेडखाली एकदम शांतता पसरली. मला वाटलं, आंघोळीमुळे.

"सरी अक्का," म्हणत पाचहीजणांनी होकार दिला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. मोहनरावाने डबा बंद केला. अर्धी भाजी तशीच होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं, नाही का?

शनिवारी पाचहीजण आले. इस्त्रीचे शर्ट, अत्तराचा घमघमाट! मी त्यांना पाटावर बसवलं. बसल्यावरही त्यांची डोकी माझ्या खांद्याला लागत होती आणि गुडघे कानाशी. तेल लावताना एकजण हळूच म्हणाला, "अक्का, सरांनी काही निरोप दिलाय?"

"निरोप कसला? पोटभर जेवा, हाच निरोप."

पाचांनी एकमेकांकडे बघितलं आणि गालात हसले. हंडाभर पाणी संपलं, पुरणपोळ्यांची चळत संपली. गिरीश तर काय जेवला म्हणून सांगू! जाताना पाचांनी वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "मैदानात पाचजण असेच एकत्र राहा."

आशीर्वाद हो! साधा आशीर्वाद!

ते गेले आणि तासाभरात दारात सुलोचना उभी. मोहनरावाची बायको. एरवी हसतमुख, पण त्या दिवशी डोळे लाल.

"अक्का, आमच्या ह्यांचं काय तप्पु झालं ते तरी सांगा. चूक कळली तर माणूस सुधारतो."

"तप्पु? कसलं तप्पु? अगं आत तर ये."

"आत काय येऊ? पहिल्या पाचांना जेवायला घातलंत की तुम्ही. साऱ्या पीण्याला कळलं. हे दोन दिवस धड जेवले नाहीत."

मग उलगडा झाला. ह्यांच्या आधीचे प्रशिक्षक पावसाळ्याच्या शेवटी पहिले पाच ठरले की त्या पाचांना घरी कॉफीला बोलवायचे. तोंडाने काही सांगायचे नाहीत. कॉफीचं बोलावणं आलं की समजायचं. ही संघाची जुनी रीत. मला बाईला काय ठाऊक? आणि मी तर कॉफी सोडून पुरणपोळी घातलेली! म्हणजे केवढी पक्की निवड!

"सुलोचना, तसं काही नाही गं!" मी घाईघाईने म्हटलं. "मोहनराव खेळाडू म्हणून सोन्यासारखे. त्यांना नाही बोलावलं, कारण त्यांचं लग्न झालंय. एवढंच!"

सुलोचना माझ्याकडे बघतच राहिली. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं. आमचा मुंजा त्यांच्या घरात कुठून असणार?

"लग्न झालंय म्हणून?" ती म्हणाली. "म्हणजे तप्पु माझं!"

आणि पदर डोळ्याला लावून ती निघूनच गेली. मी पायऱ्यांवरून हाका मारतेय, पण रिक्षा सुटलीसुद्धा.

रविवारी सकाळी हे म्हैसूरहून आले, तर फाटकापाशी संघातले सगळे लग्न झालेले उभे.

"सर, संसारवाल्यांना संघात ठेवणार नाही म्हणे?"

"सर, बायको माहेरी पाठवतो हवं तर!"

एकाचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. त्याने म्हणे गावी निरोप पाठवला होता, संघ जाहीर होईपर्यंत मंडप थांबवा.

हे माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. नवस, मुंजे, डबे. हे ओट्यावरच बसले.

"अगं, महिनाभर सुपाऱ्या मांडतोय मी. पाच ठरत नाहीयेत. आणि तू एका जेवणात ठरवलेस?"

"मी मुंजे ठरवले हो! संघ कुठे ठरवला?"

"मोहन उद्या मद्रासला निघतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

ज्याच्यासाठी नवस बोलले, तोच नवसामुळे चालला होता! मारुतीकडे बघायची सोय उरली नाही.

आम्ही दोघं तशीच यशवंतपूरला गेलो. मोहनराव बॅगेशेजारी बसला होता. ह्यांना बघून उभा राहिला, पण बोलला जमिनीकडे बघून.

"सर, माझा गुडघा मला ठाऊक आहे. 'मोहन, बाजूला बस' म्हणाला असतात, तर बसलो असतो. पण जेवणाच्या बोलावण्यावरून कळायला नको होतं."

मीच पुढे झाले.

"मोहनअण्णा, ह्यांना बोल लावू नका. ह्यांना काहीच माहीत नव्हतं. सगळा घोळ तुमच्या डब्याचा आहे."

"डब्याचा?"

मग मी परत पहिल्यापासून सांगितलं. श्रावण, शनिवार, तेल, आंघोळ, कॅन्टीनची थाळी. सांगता सांगता मला रडू फुटलं. मोहनराव ऐकत होता. एकदम म्हणाला, "म्हणजे अक्का, मेथीच्या भाजीमुळे माझं कप्तानपद गेलं?"

सुलोचना स्वयंपाकघरातून ओरडली, "तरी मी म्हणत होते, उपमा नेऊ दे!"

आणि पहिल्यांदा मोहनराव हसला. मग हे हसले. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मुंजा म्हणून नाही बोलावता आलं, पण आमच्यात मेहूणही जेवायला घालतात. नवराबायको जोडीने. येत्या रविवारी तुम्ही दोघं पहिल्या पाटावर. आणि तोवर ही बॅग उचलायची नाही."

मोहनराव ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "सर, जेवायला येतो. पण खरं सांगा, पहिल्या पाचांत आहे का मी?"

किती दिवस हातात धरून ठेवलेली सुपारी जणू ह्यांनी तिथे खाली ठेवली. "नाही, मोहन. पहिल्या पाचांत नाही. पण सामना अटीतटीला आला की शेवटची दहा मिनिटं तुझी. तेव्हा मला दुसरा कोणी नकोय."

मोहनरावाने पायानेच बॅग पलंगाखाली ढकलली. "हे आधीच सांगायचं ना, सर."

तो राहिला. संघही राहिला, आणखी बरीच वर्षं. आता तो कारखाना नाही, मैदानही नाही. त्या वाटेने मेट्रो जाते, आणि मला अजून शेड दिसते, ओळीने मांडलेले डबे दिसतात.

पण थांबा. रविवार राहिलाच की!

एका मेहुणाला बोलावून कसं भागेल? बाकीचे संसारवाले रुसले असते. सगळ्यांना जोडीने बोलावलं. अंगणात केळीची पानं मांडली. मोहनराव-सुलोचना पहिल्या पाटावर. मी मोठ्या ऐटीत वाढत होते. घोळ निस्तरला होता, नवस फिटला होता, मनात मारुतीला म्हणत होते, बघ हं, पाच म्हणाले होते, पाच जेवले.

तेवढ्यात फाटक वाजलं. गिरीश! माझा पाचवा मुंजा. मान खाली, आणि मागे एक नाजूक मुलगी, गळ्यात ताळी, म्हणजे आपलं मंगळसूत्र.

"अक्का," तो म्हणाला, "लग्न झालेल्यांनाही ठेवणार असं कळलं. म्हणून आता सांगतो. उन्हाळ्यातच देवळात लग्न केलं आम्ही. घरी कोणाला माहीत नाही. हिची गारमेंट फॅक्टरीत सकाळची पाळी असते ना, म्हणून डबा नसतो."

माझ्या हातातला वरणाची पळी तशीच! अहो, ज्याच्यासाठी गलबलले, ज्याला सात पुरणपोळ्या वाढल्या, तो मुंजाच नव्हता!

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. हे शांतपणे उठले, देवघरात गेले, एक सुपारी आणून माझ्या तळहातावर ठेवली.

"घे. पाचव्या मुंजाच्या जागी हिला बसव. मात्र आधी नीट विचारून घे, लग्न झालंय का!"