बोरगावकर सरांच्या हातातल्या बांगड्या

बोरगावकर सर उजव्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या घालून आम्हाला अमेरिकेचा इतिहास शिकवत. फळ्यावर लिहिताना त्या वाजत. वर्ग त्या आवाजाला दबून असे. माझ्याइतका मात्र कोणी नाही. त्या मी आणल्या होत्या.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडील दरबारच्या फौजेत शिपाई, घर शिंदे की छावनीत, शिपायांच्या वस्तीत. सरदारांच्या बाळासाहेबांनी मला शेजारी बसवून घेतलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. सरांच्या पत्नीचे हात संधिवाताने आखडलेले. त्यांची लुगडी सर स्वतः धुऊन गच्चीवर वाळत घालत. ते बाळासाहेबांनी पाहिलं.

"तुमच्या छावनीत कासार आहे ना? बांगड्या घेऊन ये," ते म्हणाले. मी आणल्या. त्यांनी त्या वर्गात सरांच्या टेबलावर ठेवल्या.

"मास्टरसाहेब, लुगडी धुता, तर ह्या भी भरून घ्या ना!"

वर्ग हसला. मीही हसलो. सरांनी शांतपणे बांगड्या चढवल्या.

"अमेरिका ज्यांनी उभी केली, ते पुरुष केसांच्या टोपाला पावडर लावत, रेशमी पायमोजे घालत. तेव्हा मर्द म्हणजे ते. पुढे कुऱ्हाडीने जंगल तोडणारा मर्द ठरला. मग कचेरीत बसून घर चालवणारा. त्याच्या मुलांना वाटलं, खुर्चीत बसून आपण बायकी झालो. ते मुष्टियुद्ध शिकायला धावले. बाळासाहेब, उभे राहा. आपण कोणत्या सालचे मर्द?"

हा प्रश्न मग रोजचा झाला. "उत्तर येईपर्यंत ह्या उतरणार नाहीत," सर म्हणत. कोणीतरी भीत भीत म्हणालं, "सर, आता माफ करा त्यांना."

"त्यांनी माफी मागितली तर विचार करीन. नुसता विचारच."

दिवाळीनंतर बाळासाहेब कॉलेजात आलेच नाहीत. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मला सरांनी कधी एकही प्रश्न विचारला नव्हता. मी वाचलो होतो.

त्याच हिवाळ्यात विषमज्वराने सर गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. उघड्या मनगटांनी त्यांनी एक पुडी पुढे केली.

"तुझ्या आहेत, घेऊन जा. माझ्या बांगड्याही हेच आणायचे, त्याच कासाराकडून. ह्या तू नेल्यास, हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग सर मला कधी काही बोलले का नाहीत?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, 'बोललो तर तो सुटेल. रोज बघू दे.'"

घरी येऊन मी त्या हातात घातल्या. कासाराला मीच सांगितलं होतं, चांगल्या मोठ्या दे म्हणून.

मला त्या सैल झाल्या.