हवेत न गेलेलं आडनाव

आमच्या घरात दिवाळी होत नाही. तरी या तेलुगू शहरातल्या मराठी घरांत दिवाळीची पहाट उजाडायची ती माझ्या आत्याच्या आवाजाने. आत्या रेडिओवर हंगामी निवेदिका होती. हंगामी म्हणजे काय ते सरळ सांगते: काम कायमचं, माणूस तात्पुरता. केस पांढरे झाले तरी तात्पुरता.

नरकचतुर्दशीच्या पहाटेची ड्युटी दर वर्षी तिलाच. ड्युटी लावणारे साहेब हसून म्हणायचे, तुम्हाला काय, तुमच्याकडे नसतंच ना काही. मग आत्या अंबरपेठेतल्या आमच्या घरातून, जिथं त्या दिवशी एक पणतीसुद्धा लागत नाही, अंधारात ऑटो करून निघायची आणि उटणं लावून बसलेल्या लोकांना हार्दिक शुभेच्छा द्यायची. चौदा एप्रिलची ड्युटीही तिचीच. तेव्हा कारण उलटं: तुम्हालाच त्यातलं सगळं माहीत. म्हणजे त्यांच्या सणाला ती मोकळी, आणि आमच्या सणाला ती जाणकार. सुट्टी कधीच नाही.

निवेदिकेने हवेत स्वतःचं नाव सांगायचं नाही, असा तिथला रिवाज होता. गायकाचं सांगायचं, तबलजीचं सांगायचं, आपलं नाही. श्रोत्यांसाठी ती नुसती ‘ताई’. चिक्कडपल्लीतले एक निवृत्त काका दर आठवड्याला फोन करायचे. त्यांचं गुडघेदुखीचं, मधुमेहाचं, परदेशातल्या मुलाचं सगळं ती ऐकून घ्यायची. एकदा ते म्हणाले, ताई, तुमचा आवाज ऐकला की दारातलं तुळशीवृंदावन दिसतं. हे आत्या घरी सांगून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

मध्यंतरी केबलवरच्या मराठी बातम्यांसाठीही तिला बोलावलं होतं. आवाज ऐकून बोलावलं आणि चेहरा बघून चित्रांच्या मागे बसवलं. पडद्यावर पूर, मोर्चे, उद्घाटनं. आत्या कुठंच नाही. काही महिन्यांनी तिने ते सोडलं. का, असं विचारलं तर एवढंच म्हणाली, “तिथं लोक आधी तोंड बघतात, मग ऐकतात.”

यंदा मराठी कार्यक्रमच बंद करायचं ठरलं. ऐकणारे उरले नाहीत म्हणे. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. संघटनेत पत्रकं लिहूनच माझा हात तयार झालाय. ‘निवेदिका तुमची, हकालपट्टी कुणाच्या सोयीची?’ असं पत्रक छापलं, चिक्कडपल्लीच्या बाजारात वाटलं, आयटीवाल्यांच्या उंच इमारतींच्या फाटकाशी उभी राहिले. पुण्याहून आलेला एक जण म्हणाला, मी पॉडकास्ट ऐकतो, पण ताईंचं वाईट वाटतं. त्याने पत्रकाची घडी केली आणि तिनेच वारा घेत लिफ्टकडे गेला.

आत्याने पत्रक वाचून माझ्याकडे परत दिलं. इतकं ओरडलं की कुणी ऐकत नसतं बेटा, म्हणाली. तिला कार्यक्रम वाचवायचा नव्हता, तो वाचणार नाही हे तिला कळलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या दिवशी, हवेत, स्वतःचं नाव सांगायचं. बापाच्या नावासकट आणि आडनावासकट.

शेवटचा कार्यक्रम नेमका दिवाळीच्या पहाटेला आला. समारोप साहेब स्वतः करणार होते, पण त्या पहाटे त्यांना घर सुटेना. म्हणून पुन्हा आत्याच. ज्या अपमानाने तिला इतकी वर्षं पहाटे उठवलं, त्यानेच तिला तो माइक मिळवून दिला. याला मी न्याय म्हणणार नाही.

बाबा आणि मी रेडिओसमोर बसलो. मराठी कार्यक्रम संपला की तेलुगू बातम्या लागतात, आणि ती जोडणी यंत्र करतं. ठरलेला क्षण आला की बोलणारा कुणी का असेना, तो तिथंच कापला जातो. आत्या जन्मात कधी कापली गेली नव्हती. नव्या पोरींना ती बजावायची की कामाचं आधी सांगा, आभारांना वेळ उरला तर उरला. त्या पहाटे तिने स्वतः उलटं केलं. इंजिनिअरचे आभार मानले. स्टुडिओ पुसणाऱ्या बाईचे, अंधारात येणाऱ्या ऑटोवाल्याचे, फोन करणाऱ्या काकांचे. दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. मग जरा थांबली. तिने स्वतःचं नाव सांगितलं. आजोबांचं नाव सांगितलं. आणि तेलुगू बातम्यांचं संगीत सुरू झालं.

बाबांचा हात रेडिओवर तसाच राहिला.

आत बसलेल्याला कानात आपलाच आवाज येत असतो, बाहेर काय पोचलं ते लगेच कळत नाही. त्यामुळे आत्या घरी आली ती उजळल्या चेहऱ्याने. चप्पल काढता काढता म्हणाली, “गेलं ना सगळं?”

“हौ आक्का,” बाबा म्हणाले. “एकदम साफ.”

तिने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं मला जमत नाही, हे तिला ठाऊक होतं.

“नाही गेलं,” मी म्हणाले. “आडनाव राहिलं.”

बाबा नंतर कित्येक दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आत्या फक्त एवढंच म्हणाली की म्हणजे आभार लांबले, आणि पाय धुवायला गेली.

मराठी मंडळाने पुढच्या रविवारी ‘ताईं’चा सत्कार ठेवला होता. मी तिच्या मागेच लागले. जा, माइक हातात घे, आडनाव सांग, तिथं तुला कापायला यंत्र नाही. ती तयार होईना.

“तिथं ते मला बघतील, मग ऐकतील,” म्हणाली. “मला आधी ऐकायला लावायचं होतं.”

ती गेली नाही. मग मंडळाचे सेक्रेटरी आणि ते फोनवाले काका रेडिओ केंद्रातून पत्ता काढून शाल-श्रीफळ घेऊन आमच्या घरीच आले. दार मी उघडलं. “ताई आहेत का?” काकांनी प्रेमाने विचारलं. दारावर बाबांच्या नावाची पाटी आहे, आडनावासकट, आणि तिच्याखाली जय भीमचं स्टिकर. काकांनी चष्मा वर करून पाटी वाचली. आत आले तर समोर बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो.

बसल्यावर आत्याची ‘मॅडम’ झाली. मॅडम, तुमची सेवा मोठी आहे. मॅडम, मेट्रोमुळे बरं पडलं यायला. शाल खांद्यावर घालायची असते. ती पिशवीसकट टीपॉयवर ठेवली गेली, नारळ तिच्यावर.

आत्या आत जाऊन चहा घेऊन आली. शांतपणे म्हणाली, “काका, त्या दिवशी माझं नाव पूर्ण गेलं नव्हतं. आता दारावर वाचलंतच.”

“छे छे,” काका म्हणाले. “आम्ही असलं काही मानत नाही.”

असलं म्हणजे कसलं, हे मी विचारणार होते. आत्याने नजरेनेच मला अडवलं.

सेक्रेटरी म्हणाले, आत्ताच चहा घेऊन निघालोय. काकांनी कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, मला साखर चालत नाही हो मॅडम.

“ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. “बिनसाखरेचाच केलाय.”

काकांनी कप उचलला, तोंडाजवळ नेला आणि पुन्हा खाली ठेवला. उशीर होतोय, म्हणाले. दोघे जिना उतरले. खाली ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला.

चहावर साय धरली होती. आत्याने ती बोटाने बाजूला केली आणि तो गार, बिनसाखरेचा चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला.