वस्तीतली रिंग

ऑइल पेंटचा वास आला की आमच्या वस्तीतल्या मैदानावरची बास्केटबॉलची रिंग आठवते. आम्ही दोघा कोचांनीच ती रंगवून वेल्डरकडून खांबावर बसवून घेतली होती. "मॅडम, रिंग लय वर हाय," असं पोरी वर्षभर म्हणायच्या आणि मी "कारणं सांगू नका" म्हणून ओरडायचे. नांदेडच्या सामन्यात आमचे सगळे बॉल रिंगवरून पलीकडे जायला लागले, तेव्हा सगळ्यात बुटकी पोर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हितली रिंग खाली हाय, मॅडम." मी म्हटलं, "मग हळू टाका." जिंकलो. घरी परभणीला परत येऊन टेप लावला, तर आमची रिंग वीतभर वर निघाली. मी वेल्डरला बोलावलं, पण पोरींनी त्याला शिडीच लावू दिली नाही. आज नव्या पोरी तीच तक्रार करतात. "हाय वर," मी म्हणते, "टाका."