पितळेचा वास

ईस्टरसाठी सून पितळी मेणबत्तीदान घासत होती. त्या वासानं मी लढाईच्या वर्षांतल्या जबलपूरच्या क्वार्टरमध्ये पोचलो. ईस्टरच्या सकाळी कारखान्यातून तोफगोळ्यांची पितळी नळकांडी घासून आलो होतो. बायको टायफॉईडनं झोपलेली, म्हणून चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घरीच घेऊन आले. त्यांनी दिलेला द्राक्षारसाचा प्याला तिच्या ओठांना लावायला माझे हात धजेनात. साबणानं धुऊनही हातांचा पितळेचा वास जात नव्हता.

"काहून थांबून राहिले? द्या," ती म्हणाली.

घोटभर पिऊन ती उशीला टेकून बसली आणि प्रार्थना करू लागली. स्वतःसाठी नाही, ते गोळे जिथं पडतील तिथल्या आजारी माणसांसाठी.

ती त्यातून बरी झाली. मी मात्र प्रार्थनेला अजून हात जोडत नाही, खिशात ठेवतो.