लिफ्टमन कोणाला वर नेतो?

आमच्या लालबागच्या टॉवरमध्ये किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात चहा घ्यायला बसलं की ते आपोआप साठत जातात. त्यात ती लिफ्टवाली वेब सिरीज आली आणि मग तर विचारूच नका.

सिरीजची गोष्ट सोपी आहे. माणूस मेला की एका लिफ्टमध्ये उभा राहतो. लिफ्टमन त्याच्याकडे बघतो आणि वरचं नाहीतर खालचं बटण दाबतो. कशावरून, ते कोणी सांगत नाही. झालं, टॉवरच्या जागी चाळ होती तेव्हापासूनच्या आमच्या चौकडीला जन्माचं काम मिळालं. चौकडी म्हणजे बंड्या, सुषमा, प्रभाकर आणि मी.

*

सुषमा परळच्या शाळेत शिकवते. तिची पहिली थिअरी अशी, की ज्या चांगुलपणाचा फोटो निघाला तो धरतच नाहीत.

हे ऐकून बंड्याचा चेहरा उतरला. शिवडीला गोदामात कामाला जाताना तो रोज कुत्र्यांना बिस्किटं घालायचा आणि स्टेटस टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून स्टेटस बंद झालं. पुढच्या रविवारी सुषमाने कौतुकाने विचारलं, "आता कसं वाटतंय रे, नुसतंच खायला घालताना?"

"नुसतंच कोण घालतंय? फोटो नाय तर बिस्किटं कशाला?"

*

एका भागात शेजारणीचं मन राखायला खोटं बोललेली बाई थेट वर गेली. सुषमा खूश झाली. प्रेमाने बोललेलं खोटं पुण्यात जमा होतं, असं तिने जाहीर केलं.

पुढे गणपतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तिच्याकडे मोदक घेऊन आल्या. सुषमाने एक खाल्ला. वहिनी म्हणाल्या, "कसे झालेत?"

सुषमा ग्लासभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "वहिनी, मी खाली जायला तयार आहे."

*

सिरीज गाजायला लागल्यावर आमच्या टॉवरच्या खऱ्या लिफ्टमनचे दिवस पालटले. कधी नाव न विचारणारी माणसं त्याला 'शंकरराव' म्हणू लागली. चहा, चकल्या, नवीन स्टूल, सगळं आलं. बंड्या म्हणाला, "सवय असलेली बरी."

मग दुसऱ्या सीझनमध्ये उघड झालं, की बटणं खरं तर झाडू मारणारी बाई ठरवते. दुसऱ्या दिवशी सकाळी शंकररावांचा चहा आमच्या झाडूवाल्या मावशींच्या हातात होता. मावशी हुशार. त्यांनी तो पिऊन घेतला आणि स्टूलही मागून घेतलं.

*

आता प्रभाकर. आमच्यातला सगळ्यात मोठा अभ्यासक. त्याची थिअरी एकच: आईची सेवा. बाकी सगळं फालतू. हे तो नव्या फ्लॅटच्या सोफ्यावर बसून सांगतो. चाळीतली खोली आईची होती. टॉवर झाला तेव्हा फ्लॅट प्रभाकरच्या नावावर झाला. धाकटा दिलीप विरारला भाड्याने राहायला गेला आणि आईला त्यानेच सांभाळलं. दिलीपच्या वाट्याचा विषय निघाला की प्रभाकर "बघू" म्हणतो. मला या 'बघू'ची मनापासून चीड आहे.

आईला तो गणपतीला मात्र घेऊन यायचा. एकदा आम्ही सगळे तिथे बसून सिरीज बघत होतो. प्रभाकरने मोठ्या लाडाने विचारलं, "आई, तुला वर न्यायला काय काय बघतील गं?"

म्हातारीने टीव्हीवरची नजर काढली नाही. "माका वर नको नि खाली नको. दिलीपाक एक खोली दी, मगे मी खंयव जातंय."

प्रभाकरने आवाज वाढवला. टीव्हीचा.

*

गेल्या महिन्यात आई गेली. दहाव्याला आम्ही बाणगंगेला होतो. पिंड मांडले, कठड्यावर कावळे येऊन बसले, पण एकही पुढे होईना.

प्रभाकरने हात जोडले. "आई, वर्षश्राद्ध मोठं करीन." कावळे तसेच. "गावच्या देवीला साडी नेसवीन." एक कावळा उडून गेला. "तुझ्या नावाने शाळेला पंखे देईन." बाकीचे पिंडांकडे पाठ करून बसले. दिलीप बाजूला उभा होता. मला रडू येत होतं.

शेवटी सुषमा म्हणाली, "प्रभाकर, आईंना काय हवं होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. तेवढं बोल."

सगळे थांबले. प्रभाकरने कावळ्यांकडे पाहिलं, दिलीपकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. आणि गुरुजींकडे वळून हळू आवाजात म्हणाला,

"खरा येत नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात ना? तो करा."