तारखेचा रकाना

बाळांनो, हे तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील.

मी इंग्रजीत एम.ए. केलं आणि वर्ध्याच्या सरकारी कचेरीत निवृत्तीपर्यंत इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहिले. तरी फोनवर तुमची परदेशातली इंग्रजी मला धरता यायची नाही. माझ्या मसुद्यात 'पोस्टपोन' असायचं, तुमच्या तोंडी 'पुट ऑफ'. मी अर्थ लावून हसेपर्यंत तुम्ही पुढच्या गोष्टीवर गेलेले असायचात. मग बाबा मध्ये बसून समजावून सांगायचे. मला मध्ये कुणी नको होतं.

म्हणून एक लांब वही केली. तीन रकाने आखले: तुम्ही काय म्हणालात, अर्थ, तारीख. 'हँग ऑन', 'फिगर आउट', 'रन आउट ऑफ'. रोज चहा उकळेपर्यंत पाच पाठ करायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी फोन तुमच्यातल्या मोठीने घेतला. बाबा बाहेर गेले होते. मैत्रिणीशी 'फॉल आउट' झालं म्हणाली. मी लगेच वहीतला समेटाचा शब्द काढून विचारलं, "मग मेक अप केलंत की नाही?" तिने सगळं भांडण पहिल्यापासून सांगितलं. वीस मिनिटं आम्ही दोघीच बोललो. शेवटी म्हणाली, "आजी, आय हॅव टू हेड आउट. आय विल कॉल यू बॅक."

एकही शब्द निसटला नाही. मी फोन मांडीवर घेऊन बसले.

त्या दिवशी शेजारणीबरोबर केळझरच्या गणपतीला जायचं ठरलं होतं. तिची भाजीची वाडी आहे. मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तीच आणून देते. ती फाटकातूनच ओरडली, "काऊन जी काकू, येऊन नाई राह्यल्या का? ऑटोवाला खोळंबला!"

"नातीचा फोन येणार आहे. तू जा."

संध्याकाळी ती प्रसाद घेऊन आली. "आला फोन?"

"नाही."

"तुम्ही बी ना काकू! आर्वीच्या बसमधी बाई भेटली का आपण तिले उतरताना 'घरी येजो' म्हणतो. ते येते का? अन् खरंच आली तं आपलीच धांदल!"

मला हसू आलं. मीही आयुष्यभर कितीजणींना तसं म्हटलं असेल. रात्रीच्या भाताआधी वही उघडली आणि 'कॉल बॅक'च्या अर्थापुढे लिहिलं: निरोप घेण्याची रीत, वाट पाहत बसू नये. तरी त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊनच झोपले.

त्याखालच्या ओळीत एक शब्द मी माझ्याकडून घातला आहे, तुमच्या बोलण्यात तो अजून आलेला नाही: 'कम ओव्हर'. हे 'घरी या' मात्र बसमधल्या रीतीचं नव्हे. अर्थाच्या रकान्यात लिहिलं आहे, मागची खोली आवरलेली आहे, दोन गाद्यांना नव्या खोळी घातल्या आहेत.

तारखेचा रकाना कोरा ठेवला आहे.