पलंगाखालच्या पटाशा

माझ्या आत्याला अख्खी गल्ली 'भुसाबाई' म्हणते. लाकूड कातायच्या मशीनवर ती पलंगाचे आणि खुर्च्यांचे पाय घडवते, त्यामुळे तिच्या केसांत कायम भुसा असतो. नवऱ्याच्या दुखण्यात तिनं कर्ज काढलं. नवरा गेला, कर्ज राहिलं, आणि व्याजाला तर मरण नसतंच.

वसुलीवाला रोज तिच्या दुकानाच्या दारात स्वतःची लाकडी खुर्ची टाकून बसायचा. गिऱ्हाईक दिसलं की मोठ्यानं विचारायचा, "बाई, पैसे कधी देताय?" गिऱ्हाईक आल्या पावली परत जायचं. मला त्याची मानगूट धरावीशी वाटायची. जाताना तो मशीन आणि पटाशा उचलून नेण्याची धमकी द्यायचा. आत्या कुणाच्या बापाला भीत नाही, पण याला भ्यायची. हत्यारं गेली तर खायचं काय?

मग ती एका वकीलबाईंना भेटून आली आणि जेवता जेवता म्हणाली, "मी दिवाळखोरीचा अर्ज केलाय."

बाबांचा घास हातातच राहिला. "घराण्याची अब्रू वेशीला टांगलीस."

"अब्रू कधीचीच टांगलीय, दादा, आणि तिच्याखाली तो खुर्ची टाकून बसलाय. कोर्टानं अर्ज घेतला की त्याला उठावं लागेल. दागिने जातील, जाऊ देत. पण हातावर पोट असणाऱ्याची हत्यारं, अंथरूण, भांडीकुंडी यांना हात लावता येत नाही. तसा कायदाच आहे."

बाबांचा विश्वास कायद्यापेक्षा कुलपावर जास्त. आत्या लाकूड आणायला गेलेली पाहून त्यांनी तिच्या सगळ्या पटाशा जुन्या सतरंजीत गुंडाळल्या आणि आमच्या पलंगाखाली सरकवल्या. माझा बाप फार प्रेमळ आहे, पण त्याचं प्रेम माणसाला आगीतून फुफाट्यात नेतं.

दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा अधिकारी दुकान बघायला येणार होता. आत्या तणतणत घरात शिरली.

"दादा, पटाशा कुठेत?"

"आहेत. कुणाला सापडणार नाहीत."

"तेच तर नकोय! हत्यारं दुकानात आहेत असं मी शपथेवर लिहून दिलंय. ती दिसली नाहीत तर मी लपवली असं होईल. लपवणाऱ्याला कायदा वाचवत नाही."

"आणि नेली तर?"

"माझ्या डोळ्यांदेखत नेऊन दाखवू दे."

बाबा पलंगावरून हलले नाहीत. आत्या तशीच खाली शिरली आणि सतरंजी ओढून बाहेर आली. त्या पलंगाचे पायही तिनंच घडवलेले.

अधिकारी आला तेव्हा पटाशा ओळीनं लावलेल्या होत्या आणि मशीन चालू होतं. वसुलीवालाही खुर्चीवर हजर होता. अधिकाऱ्यानं एकेक वस्तू पाहिली, टिपून घेतली. "ही कामाची हत्यारं. इथंच राहतील. आणि तुम्ही," तो वसुलीवाल्याकडे वळला, "आता इथं यायचं नाही. काय ते कोर्टात बोला."

"दिवाळखोर बाई," वसुलीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

बाबांनी मान खाली घातली. आत्यानं मशीन बंद केलं, म्हणजे तिचंही सगळ्यांना ऐकू जावं.

"आहेच मी दिवाळखोर. उघड, कायद्यानं. चल, खुर्ची उचल. तिचा मागचा पाय डुगडुगतोय. दुरुस्त करून देईन, पण रोख. उधारी बंद आहे."